भुताचा पत्ता

राजा-राणीची गोष्ट आटपाट नगरात घडली तरी कोणाची हरकत नसते. हे नगर कोणत्या तालुक्यात येते, असे विचारणारे नातवंड अजून कोणत्याही आजीला भेटलेले नाही. भुताच्या गोष्टीचे तसे नाही. तिला पत्ता लागतो. अमक्याच्या मळ्यातली विहीर, नाल्याच्या पुलाअलीकडची चिंच, बंद पडलेल्या जिनिंगची मागची भिंत. आणि पत्त्याबरोबर माणूस लागतो. 'एक बाई होती' एवढ्यावर भागत नाही. ती कोणाची सून, कोणत्या घरातली, कोणत्या सालच्या दुष्काळात गेली, हे सांगणाऱ्याला ठाऊक असावे लागते, निदान ऐकणाऱ्याला तसे वाटावे लागते.

आमच्या चिखलीहून मेहकरवरून लोणारला जाता येते. उल्का आदळून झालेले ते विवर आता जगप्रसिद्ध आहे. त्याची आमच्या भागातली जुनी गोष्ट अशी की, जमिनीखाली लोणासुर नावाचा दैत्य दडून बसला होता; विष्णूने वरचे झाकण उडवून दिले, दैत्याला मारले आणि तो खड्डा तसाच राहिला. गावातले दैत्यसूदनाचे देखणे देऊळ या कथेची साक्ष देत उभे आहे. कथा भव्य आहे, पण ती ऐकून कोणाही पोराची झोप उडालेली मी पाहिली नाही. कारण दैत्य कोणाचाच कोणी नव्हता. भूत मात्र कोणाचे तरी कोणीतरी असते.

मी शिक्षकाच्या नोकरीला लागलो तेव्हा, म्हणजे १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, चिखली तालुक्यातल्याच एका खेड्यात माझी नेमणूक झाली. गावाचे नाव सांगत नाही. ज्या घराची ही हकिकत आहे त्या घरात आज नातवंडे-पतवंडे नांदत आहेत. गावाच्या शिवेला एक बांधीव विहीर होती. पाणी गोड, उन्हाळ्यातही हटत नसे. पण दिवेलागणीनंतर तिकडे कोणी फिरकत नसे. पहिल्याच आठवड्यात मला बजावले गेले, ''मास्तर, रातच्याला तिकून नका येऊ. बाई हाये तिथं.''

बाईची गोष्ट पुढे मी वीसेक वेळा तरी ऐकली असेल. पुरुष सांगत ती निराळी आणि बायका सांगत ती निराळी. पुरुषांच्या गोष्टीत ती अवसेला थारोळ्यावर उभी राहून जाणाऱ्याला नावाने हाक मारी. ओ दिली की माणूस अंथरूण धरी. बायकांच्या गोष्टीत हाक नव्हती. हिरवे लुगडे होते, मोकळे केस होते, गावाकडे तोंड करून उभे राहणे होते आणि एक बारीकसा तपशील होता, तो कोणीच गाळत नसे. ''तिच्या हाती घागर नस्ते. रिकाम्या हातानं उभी राह्यते.''

शाळा झाडायला येणाऱ्या म्हातारीने एका पावसाळी दुपारी मला या रिकाम्या हातांचे कारण सांगितले. ती बाई त्यांची शेजारीण. लागोपाठ तिसरी मुलगी झाली तेव्हापासून घरात तिचे काय चालले होते, ते भिंतीपलीकडे ऐकू येत असे. एका पहाटे ती विहिरीत सापडली. पोलीसपाटील आला, जमादार आला, पंच बसले आणि कागदावर लिहिले गेले की पाणी शेंदताना पाय घसरून मृत्यू. ''मी त्या सकाळी त्यायच्या घरात गेल्ती,'' म्हातारी म्हणाली, ''घागर उतरंडीवर व्हती अन् दोर खुंटीले.''

मग तिने ते पंचांना का सांगितले नाही? हा प्रश्न मी विचारला. म्हातारीने माझ्याकडे जे पाहिले त्यात राग नव्हता, नवल होते. ''काहून सांगतो, मास्तर? आमाले तिथंच राह्याचं व्हतं.''

तेव्हापासून भुताच्या गोष्टीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. जे पंचनाम्यात आले नाही ते गोष्टीत आले होते. जी साक्ष कचेरीत देता येत नव्हती, ती बायका रात्री पोरांना निजवताना देत होत्या. मेलेल्या बाईलाच साक्षीदार करून देत होत्या. पाणी शेंदायला गेलेल्या बाईच्या हातात घागर असते. हिच्या हातात नाही. एवढेच त्यांना म्हणायचे होते, आणि ते त्यांनी पंचवीस-तीस वर्षे म्हणत ठेवले. गावात सरकारी पंचनामा एक असतो आणि हा दुसरा असतो. पहिल्यावर अंगठे असतात, दुसऱ्यावर कोणाचेच नसतात.

मात्र या दुसऱ्या पंचनाम्याचे कौतुक करताना हात आखडता घ्यावा लागतो. कारण बाईची गोष्ट गावात सर्वांत रंगवून सांगणारा माणूस त्याच घरातला होता. पारावर बसून तो हाकेची नक्कल करी, पोरे दचकत, मोठी माणसे हसत. ती का मेली, हा प्रश्न पुसून ती दिसते का, हा प्रश्न गावापुढे ठेवला की सर्वांचीच सोय होते. भूत गावाला आठवणही देते आणि सूटही देते. विवाहितेच्या छळासाठी भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम १९८३ साली आले, हुंडाबळीचे ३०४-ब १९८६ साली. त्याआधीच्या किती विहिरींवर किती बायका रिकाम्या हातांनी उभ्या असतील, त्याची मोजदाद कोणत्या दप्तरात सापडायची?

अमेरिकन भुतांशी माझी ओळख याच खेड्यात झाली, हे सांगितले तर वाचकांना गंमत वाटेल. ओळख करून देणारे होते नारायण धारप. शनिवारी चिखलीला यायचे, वाचनालयातून त्यांच्या दोन कादंबऱ्या न्यायच्या आणि कंदिलाच्या उजेडात आठवडाभर पुरवून वाचायच्या, असा क्रम होता. धारपांनी परदेशी भयकथांचे बीज घेऊन मराठी मातीत रुजवले, हे त्यांच्या वाचकांपासून कधी लपून राहिले नाही. त्यांची 'आजी' ही कथा घ्या. तिचे मूळ स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेत आहे. आणि किंगच्या कथेचे मूळ? किंग अकरा वर्षांचा असताना त्याची आई आपल्या म्हाताऱ्या, आजारी आईवडिलांची शुश्रूषा करण्यासाठी मुलांना घेऊन मेन राज्यातल्या डरहॅम या लहानशा गावी येऊन राहिली. घरात अंथरुणाला खिळलेली आजी आणि तिच्याबरोबर एकटा राहिलेला मुलगा ही कथा लिहिणाऱ्याने ते घर आतून पाहिले होते. पुढे १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने राही अनिल बर्वे या तरुणाला धारपांची एक गोष्ट सांगितली आणि पंचवीस वर्षांनी, २०१८ साली, तिच्यातून 'तुंबाड' हा चित्रपट आला. मेनमधले घर, पुण्याचा लेखक, विदर्भातले जंगल, कोकणातले तुंबाड! इतका प्रवास करूनही त्या आजीला कुठे परके वाटले नाही, कारण माजघराच्या अंधारात खाटेवर पडून हाका मारणारी आजी आपल्याकडे घरोघर होती, आणि तिला भिणारे नातवंडही होते. आजारी माणसाची भीती वाटते हे मोठ्याने म्हणण्याची सोय कोणत्याच घरात नसते.

धारपांमुळे मुळांचा नाद लागला आणि मी उलट्या दिशेने वाचत वॉशिंग्टन आयर्विंगपर्यंत पोचलो. त्याची 'द लीजंड ऑफ स्लीपी हॉलो' ही कथा १८२० साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या अभिजात भूतकथांमध्ये तिचे नाव आधी घेतात. न्यूयॉर्कजवळ, हडसन नदीकाठच्या टॅरीटाउन भागात ती घडते. आयर्विंग लिहीत होता इंग्लंडात बसून, पण हा मुलूख त्याने पाहिलेला होता. १७९८ मध्ये न्यूयॉर्कात पीतज्वराची साथ आली तेव्हा घरच्यांनी त्या पंधरा वर्षांच्या मुलाला तिकडेच पाठवले होते. तिथले डच लोकांचे जुने चर्च, त्याची दफनभूमी, ओढ्यावरचा पूल हे सगळे खरे. रात्री घोडा फेकत जाणारा बिनमुंडक्याचा स्वार हा स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने लढलेला भाडोत्री जर्मन सैनिक, ज्याचे डोके तोफेच्या गोळ्याने उडाले. हेही हवेतले नाही. अमेरिकन सेनानी विल्यम हीथ याच्या आठवणींत १७७६ च्या शरदातल्या, व्हाइट प्लेन्स भागातल्या चकमकींची हकिकत आहे आणि तीत तोफगोळ्याने मुंडके उडालेल्या अशाच एका जर्मन गोलंदाजाची नोंद आहे. त्या सैनिकाचे नाव मात्र कुठे नाही. जर्मन संस्थानिकांनी इंग्रजांना भाड्याने दिलेल्या सुमारे तीस हजार माणसांपैकी तो एक. कोणत्या तरी खेड्यातल्या शेतकऱ्याचा पोरगा परमुलखात, परक्याच्या भांडणात मेला, आणि त्याच्या वाट्याला अमरपण आले ते डोक्याशिवाय.

कथेतला नायक गावचा मास्तर आहे, म्हणून माझा तिच्यावर विशेष लोभ. हडकुळा, खादाड, भुताखेतांवर विश्वास ठेवणारा इकाबॉड क्रेन. हे नाव आयर्विंगने एका खऱ्या लष्करी अधिकाऱ्याचे उचलले आणि स्वभाव किंडरहूक गावच्या जेसी मर्विन या शिक्षकावरून घेतला. मर्विनच तो मास्तर, असे लेखी प्रशस्तिपत्रक मार्टिन व्हॅन ब्युरेन यांनी दिले आहे, जे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. आमच्यातल्या कोणा मास्तरला असे प्रशस्तिपत्रक मिळाल्याचे ऐकिवात नाही! असो. गावच्या श्रीमंत शेतकऱ्याच्या मुलीवर मास्तरचे मन बसते, तिच्यावर गावातल्याच एका दांडगट तरुणाचाही डोळा असतो. एका रात्री मेजवानीहून परतताना बिनमुंडक्याचा स्वार मास्तरच्या मागे लागतो, पुलाजवळ आपले मुंडके त्याच्यावर फेकतो. सकाळी मास्तर नाहीसा, त्याची टोपी पडलेली आणि शेजारी फुटलेला भोपळा. दांडगटाचे लग्न त्या मुलीशी होते आणि भोपळ्याचा विषय निघाला की तो हसतो.

बस्स, तो हसतो! आयर्विंग यापुढे जात नाही आणि जायची गरजही नाही. मास्तर कोणी पळवून लावला हे गावाला कळलेले आहे. पण तसे म्हटले तर एका घराशी वैर येते. भुताने नेला म्हटले की गोष्ट पुरी होते आणि शाळेला दुसरा मास्तर येतो. ही कथा विनोदी म्हणून शिकवतात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती वाचताना पारावर हाकेची नक्कल करणारा माणूस उभा राहतो.

पुढची हकिकत कथेबाहेरची आहे, पण सांगण्यासारखी आहे. नॉर्थ टॅरीटाउन या गावात जनरल मोटर्सचा मोठा कारखाना होता. १९९६ साली तो बंद झाला. त्याच वर्षी गावकऱ्यांनी मतदान करून गावाचे नाव बदलले आणि 'स्लीपी हॉलो' ठेवले. कारखाना गेला, तर गावाने भूत कामाला लावले. आता तिथे दर ऑक्टोबरात प्रवाशांची झुंबड उडते. कोलोरॅडोतल्या स्टॅन्ली हॉटेलचेही तसेच. १९७४ च्या ऑक्टोबर अखेरीस, हंगाम संपून हॉटेल बंद व्हायच्या बेतात असताना, स्टीफन किंग आणि त्याची पत्नी २१७ क्रमांकाच्या खोलीत उतरले होते. त्या सुनसान मुक्कामातून 'द शायनिंग' निघाली. आज त्या खोलीसाठी लोक रांग लावतात.

यात वाईट काय, असे कोणी विचारील. यात काहीच नाही. पण न्यूयॉर्कजवळच्याच अ‍ॅमिटिव्हिल गावातले उदाहरण पाहा. १३ नोव्हेंबर १९७४ च्या पहाटे तिथल्या एका घरात तेवीस वर्षांच्या मुलाने आपले आईवडील आणि चार लहान भावंडे, अशा सहा जणांना झोपेत गोळ्या घातल्या. वर्षभराने लट्झ नावाचे कुटुंब ते घर स्वस्तात घेऊन राहायला आले आणि अठ्ठावीस दिवसांत भुताटकी आहे म्हणून निघून गेले. १९७७ साली त्यावर पुस्तक आले, १९७९ साली चित्रपट. पुढे चित्रपटांची रांगच लागली. खुन्याच्या वकिलाने नंतर सांगून टाकले की, ही कहाणी आम्ही वाइनच्या अनेक बाटल्यांच्या सोबतीने बसून रचली. नंतर तिथे राहायला आलेल्यांना बघ्यांचा इतका त्रास झाला की घराचा क्रमांक बदलून घ्यावा लागला. मला जे बोचते ते निराळेच. हे घर आज जगातले लाखो लोक ओळखतात, त्याच्या डोळ्यांसारख्या दोन खिडक्या ओळखतात. आत मेलेल्या चार मुलांपैकी एकाचेही नाव त्यातल्या हजारांत एकाला सांगता येणार नाही. भूत इतके मोठे झाले की मेलेली माणसे त्याच्या सावलीत दिसेनाशी झाली.

आपल्याकडे पुण्याचा शनिवारवाडा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले. वय अवघे अठरा. 'काका, मला वाचवा' ही हाक अजून ऐकू येते असे सांगणारे पुणेकर आहेत, आणि ती ऐकायला अमावास्येला जाणारे कॉलेजकुमारही आहेत. ज्या महालात ते मारले गेले तो महाल १८२८ च्या आगीत केव्हाच राख झाला. भूत वास्तूपेक्षा टिकाऊ निघाले! पण त्या दुपारी एकटे नारायणराव मेले नाहीत. त्यांच्या अंगावर पालथा पडून वार झेलणारा चापाजी टिळेकर हा सेवक मेला; मध्ये आलेली माणसे मेली, त्यांत दासीही होत्या. त्यांची हाक कोणाला ऐकू येत नाही. पेशव्याचे भूत होते, दासीचे होत नाही. तिच्यासाठी वाड्यात जागाच नसते. भुतांच्या राज्यातही मानापमान आहेत.

हे मानापमान किती बारकाईने पाळले जातात ते पाहायचे असेल तर ए. एम. टी. जॅक्सन यांनी गोळा केलेली माहिती पाहावी. होय, तेच जॅक्सन. नाशिकचे कलेक्टर, ज्यांना २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या. या माणसाला संस्कृतचा आणि लोकसमजुतींचा नाद होता. त्यांनी प्रश्नावली काढून मुंबई इलाख्यातल्या खेड्यापाड्यांतल्या शाळामास्तरांकडून उत्तरे मागवली होती. ती टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनी संपादून छापली. कोकणचा खंड १९१५ साली निघाला. आमचे वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते, त्यामुळे चिखलीच्या मास्तरांची संधी हुकली. कोकणातल्या मास्तरांनी मात्र भुतांची शिरगणतीच करून दिली. मुंज झालेला पण सोडमुंजीआधी गेलेला ब्राह्मणाचा मुलगा तो मुंजा. बुडून किंवा घातपाताने गेलेला तो गिऱ्हा, पाण्यात राहणारा. निपुत्रिक, धनात जीव अडकलेला तो समंध. बाळंतपणात गेली ती हडळ किंवा अळवंत. नवरा जिवंत असताना गेली ती जखीण, विधवा होऊन गेली ती लावसट. म्हणजे बाई मेली तरी तिची वर्गवारी नवऱ्यावरूनच!

ही यादी भीतीची आहे असे म्हणतात. मला ती तक्रारींची नोंदवही वाटते. खाऊनपिऊन, नातवंडे खेळवून गेलेल्या म्हाताऱ्याचे भूत तीत सापडत नाही. सापडतात ती अर्ध्यावर तुटलेली माणसे. त्या काळात बाळंतपणात बाई जाणे ही घरोघरची गोष्ट होती. सुईणीची विळी गंजकी होती, दवाखाना वीस कोसांवर होता. पण 'दवाखाना नव्हता' अशी नोंद त्या वहीत नाही. तिथे लिहिले आहे 'हडळ'.

आतापर्यंत मेलेल्यांबद्दल बोललो. आमच्या जिल्ह्यात जिवंत माणसांच्या भुतांचेही ठिकाण आहे. पिंपळगाव सराईजवळचा सैलानीबाबांचा दर्गा महाराष्ट्राबाहेरही माहीत आहे. हिंदू-मुसलमान दोघेही येतात. होळीला मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, बाधा झालेल्यांच्या अंगावरून उतरलेले नारळ आणि कपडे तीत टाकतात. उंटावरून संदल निघतो. श्रद्धेची थट्टा करायला मी हे लिहीत नाही. सगळीकडून हात टेकलेली माणसे तिथे दोन रात्री निवांत झोपतात, हे मी पाहिले आहे. साखळीने जखडलेली माणसेही पाहिली आहेत. ५ एप्रिलला नव्हे, ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एरवाडीत अशाच एका धर्मस्थळाजवळ आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण पळता न आल्याने जळून मेले. भूत उतरवण्यासाठी माणसाला दोराने-साखळीने बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे; डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्या कायद्यासाठी आयुष्य वेचावे लागले आणि तो पाहायला ते राहिले नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही साखळीला बंदी केली आहे.

काही वर्षांपूर्वी तिथे एका बाईची 'हाजरी' चालू होती. वय तिशीचे, कपाळ मोकळे, केस सुटलेले. ती घुमत होती आणि समोर बसलेल्या थोरल्या दिराला एकेरीत, शिव्या घालून बोलत होती. एरवी त्याच्यापुढे तिचा पदर ढळला नसता. भोवतीचे लोक भुताला दरडावत होते, ''तू कोन? नाव सांग! गाव सांग!'' पुन्हा पत्ताच. तिने कुठल्याशा बुडून मेलेल्या बाईचे नाव घेतले, लोकांचे समाधान झाले. पण त्याआधी आणि त्यानंतर ती तीन-तीनदा एकच वाक्य म्हणत होती, ''कागदावर माझा अंगठा काहून घेतला?'' भुताचे नाव सर्वांनी ऐकले. अंगठ्याचे कोणी ऐकले नाही. दीर मान खाली घालून बसला होता. लोक म्हणत होते, बिचारा किती सोसतो.

सगळीच भुते जुनी नसतात. नवे भूत घडताना पाहायची वेळ आमच्या जिल्ह्यावर आली आहे. १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे उलटली आणि पेटली. तेहतीस माणसांपैकी पंचवीस गेली. बस आडवी झाली ती दाराच्या बाजूवर; दार जमिनीखाली दाबले गेले. जी आठ वाचली त्यांतल्या काहींनी काचा फोडून वाट काढली. ओळख पटणे शक्य नव्हते, त्यामुळे बहुतेकांवर बुलढाण्यातच एकत्र अंत्यसंस्कार झाले.

महिनाही उलटला नव्हता, तोच काही मंडळींनी अपघाताच्या जागी जाऊन महामृत्युंजय यंत्र बसवले, जप केला. ती जागा वाहने ओढून घेते, असे बोलले जाऊ लागले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. पण बोलणे काही थांबले नाही. सरळसोट, वळण नसलेल्या रस्त्यावर तासन् तास गाडी हाकताना चालकाचे डोळे उघडे राहतात आणि भान जाते, याला महामार्ग संमोहन म्हणतात. आमच्याकडे रात्री वाट चुकवणारा, एकाच शेताभोवती फिरवत ठेवणारा चकवा आहे. चकव्याला आता पक्का सिमेंटचा रस्ता मिळाला, इतकेच.

गेल्या हिवाळ्यात चिखलीच्या बसस्थानकासमोर चहा पिताना एका खासगी बसच्या चालकाशी गाठ पडली. पुण्याच्या खेपा करणारा, पस्तिशीचा. मीच विषय काढला.

''जागा वढते, सर,'' तो म्हणाला. ''स्टेअरिंग हातात राहत नाही. रात्री तिथून जाताना मी नारळ ठेवतो.''

त्याच्या गोष्टीत बस नव्हती, दार नव्हते, माणसे नव्हती. नुसती ओढणारी जागा होती. मी त्याला दाराचे सांगितले. बस कोणत्या बाजूवर पडली, दार कुठे गेले, कोण कसे बाहेर आले. तो ऐकत राहिला. चहा निवला.

''म्हंजे दार खाली अन् काचा बंद?''

''हो.''

''आमच्या गाडीत काच फोडायची हातोडी व्हती. मागच्या काचेपाशी.'' तो उठला, पैसे ठेवले. ''आता हाये का नाई, पाहून येतो.''